बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचा गुलाल

१८१५ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन शहराची कळा पाहवत नव्हती. आदल्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सैन्याने ते जाळले होते. राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या आणि संसदभवनाच्या काळवंडलेल्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या. राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करून राहत होते, संसद पेटंट कचेरीच्या इमारतीत दाटीवाटीने भरत होती आणि तिजोरीत खडखडाट होता. अशा गावात दहा-अकरा दिवसांत तीन गोष्टी लागोपाठ येऊन थडकल्या. ४ फेब्रुवारीला बातमी आली की, दूर दक्षिणेत न्यू ऑर्लिन्सपाशी अँड्र्यू जॅक्सन या सेनापतीने ८ जानेवारीला ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवला. मग मॅसॅच्युसेट्स राज्याचे दूत येऊन पोचले. युद्धाला विटलेल्या ईशान्येकडच्या राज्यांची गाऱ्हाणी आणि मागण्या त्यांच्यापाशी होत्या. आणि १४ फेब्रुवारीला आजच्या बेल्जियममधल्या गेंट शहरात झालेल्या तहाचा कागद हाती पडला. गाव दिवे लावून नाचू लागले, दूत मुकाट्याने घरी परतले.

आता तारखा जरा नीट लावून पाहू. गेंटचा तह झाला २४ डिसेंबर १८१४ ला, म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या लढाईच्या पंधरा दिवस आधी. बातमी मात्र जहाजाने यायची, त्यामुळे लोकांना आधी विजय कळला आणि मग तह. साहजिकच बहुतेकांच्या मनात हिशेब असा बसला, की आपण त्यांना बडवले म्हणून ते सहीला तयार झाले. प्रत्यक्षात तहात लिहिले होते ते इतकेच, की युद्धापूर्वी ज्याचे जे होते ते त्याला परत मिळावे. ज्या कारणांसाठी युद्ध पुकारले होते त्यांतल्या एकाचाही उल्लेख त्या कागदावर नव्हता. कुस्ती बरोबरीत सुटली होती आणि गुलाल मात्र एका बाजूने मनसोक्त उधळला जात होता. अमेरिकेच्या सुरुवातीच्या राष्ट्राभिमानाची आणि त्यावर उभ्या राहिलेल्या परराष्ट्र धोरणाची नाडी मला या गुलालात सापडते. तो अभिमान युद्धाच्या निकालातून उपजला नाही. निकाल कसा लक्षात ठेवायचा, यातून तो घडवला गेला. आणि त्याची किंमत जे तहाच्या टेबलापाशी नव्हतेच अशा लोकांनी मोजली.

युद्धाचे मूळ युरोपात होते. ब्रिटन आणि नेपोलियनचा फ्रान्स एकमेकांचा व्यापार गळा आवळून मारू पाहत होते आणि मध्ये सापडली तटस्थ अमेरिकेची जहाजे. दोघेही ती पकडत, जप्त करत. ब्रिटिश आरमाराला शिवाय माणसांचा तुटवडा होता. म्हणून त्यांचे अधिकारी भर समुद्रात अमेरिकी जहाजे थांबवत, खलाशांना ओळीने उभे करत आणि आमच्या आरमारातून पळालेले म्हणून त्यांतले काही उचलून नेत. त्यात खरोखर पळालेले ब्रिटिश खलाशी असत, तसे जन्माने अमेरिकन असलेलेही असत. १८१२ पर्यंत असे किमान सहा हजार अमेरिकी नागरिक उचलले गेले असावेत असा अंदाज आहे. २२ जून १८०७ ला तर हद्द झाली. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ ‘लेपर्ड’ या ब्रिटिश युद्धनौकेने ‘चेसापीक’ या अमेरिकेच्या सरकारी युद्धनौकेवर तोफा डागल्या, तिघे जागीच मेले आणि चौघांना ओढून नेले. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी युद्ध टाळून दुसरा उपाय काढला: आपलीच जहाजे बंदरात रोखली आणि परदेशी व्यापारच बंद केला. १८०७ साली सुमारे १० कोटी ८० लाख डॉलर असलेली निर्यात १८०८ मध्ये २ कोटी २० लाखांवर घसरली. ब्रिटनचे फारसे काही बिघडले नाही, बोस्टनच्या धक्क्यावरची माणसे मात्र उपाशी राहिली.

या सगळ्याआधीही या तरुण देशाला अपमानाची सवय होती, आणि तिचा त्याला रागही होता. उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची अल्जीयर्स, ट्युनिस, त्रिपोली ही संस्थाने भूमध्य समुद्रातल्या जहाजांकडून खंडणी घेत, आणि अमेरिका ती भरत असे. १८०० साली खंडणी पोचवायला गेलेल्या ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ नावाच्या अमेरिकी युद्धनौकेला अल्जीयर्सच्या सत्ताधीशाने आपले निशाण चढवायला लावले आणि आपला वकील व नजराणा घेऊन इस्तंबूलला पिटाळले. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचे नाव ल्यालेले जहाज परक्या निशाणाखाली भारवाहू झाले. पुढे त्रिपोलीशी युद्ध झाले, त्यात शौर्यही गाजले. पण १८०५ मध्ये ते मिटवताना कैद्यांच्या सुटकेपोटी साठ हजार डॉलर मोजावेच लागले. शाळेच्या पुस्तकात शौर्य आले, साठ हजार तळटिपेत गेले. १८१२ च्या युद्धाची तालीम म्हणावी ती हीच.

१८ जून १८१२ ला अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. प्रतिनिधिगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ मते पडली. त्या मतांची फोड मोठी बोलकी आहे. खलाशांच्या हक्कांसाठी लढायचे होते, तर खलाशांच्या राज्यांनी पुढे व्हायला हवे होते. पण कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या जहाजांवर पोट असलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींची झाडून सगळी मते युद्धाच्या विरुद्ध गेली, आणि ज्यांना समुद्राचा वाराही लागत नव्हता त्या केंटकी आणि टेनेसीची झाडून सगळी बाजूने. फेडरलिस्ट या विरोधी पक्षाच्या एकाही सदस्याने युद्धाला होकार दिला नाही. ज्यांची जहाजे बुडत होती ते म्हणत होते, सांभाळून घेऊ. आणि हेन्री क्लेसारखे केंटकीचे पस्तिशीतले पुढारी म्हणत होते, राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. अब्रू हे निमित्त, खरा डोळा जमिनीवर होता, असे अनेक इतिहासकार सांगतात. पश्चिमेकडच्या वसाहतकऱ्यांना कॅनडा हवा होता, मूळ रहिवाशांच्या जमिनी हव्या होत्या, आणि शॉनी जमातीचा नेता टेकमसे वेगवेगळ्या जमातींची जी एकजूट बांधत होता तिला ब्रिटिशांची फूस आहे अशी त्यांची खात्री होती. हे सगळे खरे आहे. पण एकट्या जमिनीच्या भुकेने पेनसिल्व्हेनिया आणि दक्षिण कॅरोलायना युद्धाला का तयार झाल्या, ते उलगडत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे अब्रू आणि जमीन या दोन गोष्टी तेव्हाच्या पुढाऱ्यांच्या मनात वेगळ्या नव्हत्याच. प्रजासत्ताक ही नवी, नाजूक चीज आहे, ती लोकांच्या मनातून उतरली तर संपली, असे त्यांना वाटे. आणि मनात भरवायचे तर दाखवायला काहीतरी मोठे हवे होते. कॅनडा हाताशी होता. सुमारे पाच लाख वस्तीचा तो प्रदेश पाऊण कोटी लोकसंख्येच्या अमेरिकेच्या डोक्यावर बसलेला. क्वेबेकपर्यंतचा भाग घ्यायला नुसते चालत जाण्याचा अवकाश, असे निवृत्त झालेले जेफर्सन पत्रात लिहून गेले. मौज अशी, की व्यापारावरचे जे ब्रिटिश हुकूम युद्धाचे एक मुख्य कारण होते, ते मागे घेत असल्याचे लंडनमध्ये १६ जूनला, युद्धघोषणेच्या दोन दिवस आधी जाहीर झाले होते. तारयंत्र असते तर कदाचित हा लेख लिहायची वेळ आली नसती.

चालत जाणे काही जमले नाही. १६ ऑगस्ट १८१२ ला डेट्रॉइटच्या किल्ल्यात जनरल विल्यम हल याने आपल्याहून लहान फौजेपुढे, धड लढाई न करता शरणागती पत्करली. ऑक्टोबरमध्ये नायगारा नदीवर क्वीन्स्टनपाशी जे घडले ते तर याहून लाजिरवाणे. अमेरिकी सैन्याची एक तुकडी नदी ओलांडून पलीकडच्या टेकडीवर चढली, लढली, ब्रिटिश सेनापती आयझॅक ब्रॉक तिथेच पडला. टेकडी टिकवायला कुमक हवी होती. ती अलीकडच्या काठावर उभी होती: न्यूयॉर्क राज्याची मिलिशिया, म्हणजे गरजेपुरती बोलावलेली शेतकऱ्या-दुकानदारांची फौज. त्यांनी होड्यांतून परत येणारे जखमी पाहिले, पलीकडचा आरडाओरडा ऐकला आणि सांगितले, आमची नेमणूक राज्याच्या रक्षणासाठी आहे, परमुलखात जायला कायद्याने आम्ही बांधील नाही. सेनापती घोड्यावरून विनवत फिरला. कोणी हलले नाही. पलीकडचे नऊशेहून अधिक सैनिक कैद झाले. राष्ट्र नावाची गोष्ट तेव्हा किती कच्ची होती हे यावरून कळते. त्या माणसांच्या लेखी देश नदीच्या काठाशी संपत होता.

पण डेट्रॉइट पडले त्यानंतर तीनच दिवसांनी, १९ ऑगस्टला, अटलांटिकवर ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी फ्रिगेटने ‘गेरिएर’ या ब्रिटिश फ्रिगेटची डोलकाठीसकट चाळण केली. तोफगोळे तिच्या कडक ओकच्या अंगावरून उडून जात म्हणून लोकांनी तिला लोखंडी कुशीची म्हणायला सुरुवात केली. कप्तानाचे नाव आयझॅक हल. डेट्रॉइट देऊन बसलेल्या जनरल हलचा हा सख्खा पुतण्या. काका-पुतण्याच्या या दोन बातम्या त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावर पोचल्या आणि देशाने पुतण्या उचलून घेतला. काकावर लष्करी खटला चालून मृत्युदंड सुनावला गेला, मॅडिसननी तो माफ केला. खरे पाहता ‘गेरिएर’ लहान होती, तोफा कमी, माणसे कमी. पाचशेहून अधिक युद्धनौका बाळगणाऱ्या आरमाराला एका फ्रिगेटने काही फरक पडत नव्हता, आणि १८१४ येईतो अमेरिकेच्या बऱ्याचशा युद्धनौका ब्रिटिश नाकेबंदीमुळे बंदरातच अडकून पडल्या. याउलट ज्या लढायांनी खरोखर काही ठरवले त्या गोड्या पाण्यात झाल्या. सप्टेंबर १८१३ मध्ये ईरी सरोवरात आणि सप्टेंबर १८१४ मध्ये शँप्लेन सरोवरात अमेरिकी आरमारी पथकांनी ब्रिटिश पथके जिंकली. शँप्लेनमधल्या पराभवानंतर दहा हजारांची ब्रिटिश फौज उत्तरेकडे मागे वळली आणि त्याचा परिणाम गेंटच्या वाटाघाटींवर झाला. तरी आज सामान्य अमेरिकी माणसाला शँप्लेनच्या विजेत्याचे नाव विचारून पाहावे. शेजारच्या गोष्टीही तशाच विसरल्या गेल्या: १८१४ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातली दोन तृतीयांश ब्रिटिश फौज अमेरिकी कंत्राटदारांनीच पुरवलेले गोमांस खात आहे, असे तिथल्या गव्हर्नर जनरलने लंडनला कळवले होते.

त्याच महिन्यात वॉशिंग्टन जळले. त्याआधी एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकी सैनिकांनी यॉर्क, म्हणजे आजच्या टोरांटोतली, सरकारी भवने जाळली होती, हेही इथेच सांगितलेले बरे. राष्ट्राध्यक्षांच्या घरी जेवणाची टेबले मांडलेली होती. ब्रिटिश अधिकारी आधी जेवले, मग आग लावली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी जॉर्ज वॉशिंग्टनचे मोठे तैलचित्र वाचवले, ही गोष्ट तिकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या घरातला पंधरा वर्षांचा गुलाम मुलगा पॉल जेनिंग्ज याने मोठेपणी आपल्या आठवणींत लिहिले, की ते चित्र भिंतीवरून उतरवले ते दारावरच्या फ्रेंच नोकराने आणि बागेच्या माळ्याने. चित्र वाचवा असे डॉलीबाईंनी सांगितले, यात वाद नाही. पण गोष्टीत राहिल्या बाई, माळी गेला.

पुढच्याच महिन्यात बाल्टिमोर. तिथल्या फोर्ट मॅकहेन्रीवर १३ सप्टेंबरच्या सकाळपासून सुमारे पंचवीस तास ब्रिटिश जहाजांनी तोफगोळे आणि अग्निबाण सोडले. या बाणांचा पूर्वज आपल्याकडचा. म्हैसूरच्या सैन्याचे लोखंडी नळीचे बाण १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागले आणि त्यावरून विल्यम काँग्रीव्हने ब्रिटिश बाण बनवले. किल्ला टिकला. त्याच्यासाठी मेरी पिकर्सगिल या निशाणे शिवणाऱ्या विधवा बाईने आदल्या वर्षी तीस फूट बाय बेचाळीस फुटांचे निशाण शिवले होते. घरात मावेना म्हणून ते दारूच्या भट्टीच्या मोकळ्या जमिनीवर पसरून जोडावे लागले, एकेक तारा दोन फुटांचा; बिल झाले ४०५ डॉलर ९० सेंट. दूरवरच्या तहनौकेवरून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने १४ च्या पहाटे ते फडकताना पाहिले आणि गीत लिहिले. पुढे १९३१ मध्ये ते राष्ट्रगीत झाले. रात्रभर पावसात तोफांखाली किल्ल्यावर होते ते मात्र हे निशाण नव्हे. ते लहान, वादळी हवेसाठीचे होते. मोठे निशाण सकाळी चढवले. गीताला चाल लागली ती लंडनच्या एका हौशी मंडळाच्या गाण्याची. मुंबईतही एक लाडकी दंतकथा आहे, की कीने ते गीत आपल्या मुंबई गोदीत १८१० मध्ये बांधलेल्या ‘मिंडेन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर बसून लिहिले. तो ब्रिटिश पहाऱ्याखाली असलेल्या अमेरिकी जहाजावर होता, तेव्हा तो मान आपल्याला सोडावा लागेल. दुसऱ्याच्या अभिमानात आपला वाटा शोधण्याचा मोह अमेरिकनांनाच होतो असे नाही.

मग ब्रिटनने हात का आखडता घेतला? नेपोलियन १८१४ च्या वसंतात पडला होता, ब्रिटनच्या हाती रिकामी फौज होती. गेंटमध्ये सुरुवातीला ब्रिटिशांनी मूळ रहिवाशांसाठी मधला स्वतंत्र प्रदेश मागितला, जिंकलेला मुलूख ठेवण्याचीही भाषा केली. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने अमेरिकेतील सेनापतिपदाबद्दल ड्यूक ऑफ वेलिंग्टनला विचारले. असईच्या रणात १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या तोफांशी गाठ पडलेला हाच तो आर्थर वेलस्ली. त्याने कळवले, सांगाल तर जाईन, पण सरोवरांवर आरमारी वरचष्मा नसताना मी जाऊन काही होणार नाही, आणि आजच्या परिस्थितीत मुलूख मागण्याचा तुम्हाला काही हक्क पोचत नाही. वीस वर्षांच्या युद्धाने करदाते थकले होते, व्हिएन्नात युरोपची वाटणी चालू होती. मंत्रिमंडळाने मागण्या सोडल्या. त्या अर्थाने सरोवरांवरच्या खलाशांनी तह कमावला, न्यू ऑर्लिन्सने नव्हे. न्यू ऑर्लिन्सची लढाई त्यामुळे निरर्थक ठरते असे मी म्हणणार नाही. कायद्याने पाहिले तर अमेरिकी मान्यता मिळेपर्यंत युद्ध चालूच होते, आणि शहर पडले असते तर ते सोडवायला किती खटपट करावी लागली असती कोण जाणे. पण जॅक्सनच्या मातीच्या भिंतीपुढे त्या सकाळी सुमारे दोन हजार ब्रिटिश सैनिक मेले, जखमी झाले वा हरवले आणि अमेरिकेचे मेले तेरा, हा आकडाच असा होता की त्यापुढे बाकी सगळे विरून गेले.

या युद्धाला ‘दुसरे स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणणाऱ्यांचा बचाव आता ऐकायला हवा. ते म्हणतात, कागदावर काही नसेल, पण पुन्हा कधी ब्रिटनने अमेरिकी खलाशी उचलले का? नाही उचलले. कारण नेपोलियन संपला आणि ब्रिटिश आरमाराला माणसे कमीच करायची होती. हक्क मात्र ब्रिटनने सोडला नव्हता. दुसरे म्हणतात, ब्रिटन अमेरिकेला मान देऊ लागला. हे बरेचसे खरे आहे. १८१७ मध्ये सरोवरांवरच्या युद्धनौका कमी करण्याचा करार झाला, १८१८ मध्ये ४९ अक्षांशावर सीमा ठरली. त्याच वर्षी जॅक्सनने स्पॅनिश फ्लोरिडात घुसून दोन ब्रिटिश प्रजाजनांना मृत्युदंड दिला तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांनी आगपाखड केली, सरकार मात्र गप्प बसले. पण त्या गप्प बसण्यामागे कापसाचा आणि कापडाचा व्यापार होता, तसा कॅनडा पुन्हा राखावा लागेल याचा घोरही होता. म्हणून तर ब्रिटनने पुढे सीमेपासून आत रिडो कालवा खणला. मान होता, तो हिशेबी होता. अमेरिकेचे शहाणे मुत्सद्दी हे ओळखून होते. घरात ढोल वाजत असताना जॉन क्विन्सी अ‍ॅडम्ससारखा माणूस ब्रिटनशी एकेक तंटा शांतपणे मिटवत होता.

या दोन तोंडांचा सगळ्यात चोख नमुना १८२३ चा. स्पेनच्या दक्षिण अमेरिकी वसाहती फुटून स्वतंत्र झाल्या होत्या. युरोपीय राजांनी तिथे परत ढवळाढवळ करू नये असे आपण दोघांनी मिळून जाहीर करू, असा प्रस्ताव ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कॅनिंग याने मांडला. माजी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन आणि मॅडिसन यांनाही तो पटला. अ‍ॅडम्स म्हणाला, ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे बांधलेली होडी म्हणून जाण्यापेक्षा आपले आपण बोलू. २ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष मनरो यांनी संसदेला पाठवलेल्या संदेशात ते एकट्याच्या नावाने बोलले: अमेरिका खंडांत यापुढे युरोपीय वसाहती नकोत. डरकाळी अमेरिकेची होती, पंजे ब्रिटिश आरमाराचे. १८३३ मध्ये त्याच ब्रिटनने फॉकलंड बेटे ताब्यात घेतली तेव्हा वॉशिंग्टनमधून चकार शब्द निघाला नाही. अभिमान घरात वापरायचा आणि बाहेर बळ पाहून बोलायचे, हे धोरण म्हणून वाईट नव्हते; उलट दुबळ्या देशाला परवडणारे तेवढेच होते. युद्धाने देशाला काही खरेही दिले. कर्जाचा डोंगर साडेचार कोटी डॉलरवरून पावणेतेरा कोटींच्या घरात गेला तेव्हा मध्यवर्ती बँक, जकात, कायमचे आरमार यांची गरज विरोधकांनाही पटली. नायगाराच्या काठावर देश संपतो असे म्हणणारी पिढी मागे पडली. त्या अभिमानाला नुसते ढोंग म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

पण बळ पाहून बोलायचे, याचा दुसरा अर्थ असा की ज्याच्याजवळ बळ नाही त्याच्याशी बोलायचेच नाही. टेकमसे ऑक्टोबर १८१३ मध्ये लढताना मेला आणि त्याच्याबरोबर ती एकजूटही. मार्च १८१४ मध्ये अलाबामात हॉर्सशू बेंडपाशी जॅक्सनच्या फौजेने क्रीक जमातीचे आठशेहून अधिक लोक मारले. मग त्याने जो तह लादला त्यात २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली, तीही त्याच्या बाजूने लढलेल्या क्रीकांच्या जमिनींसह. गेंटच्या तहाचे नववे कलम म्हणत होते, की मूळ रहिवाशांना १८११ साली असलेले त्यांचे सर्व परत द्यावे. ते कलम कधी अमलात आले नाही, आणि ब्रिटननेही पाठपुरावा केला नाही. ‘युद्धापूर्वी जे होते ते’ हा नियम दोन बलवानांपुरता होता. न्यू ऑर्लिन्सच्या पुण्याईवर जॅक्सन १८२९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८३० मध्ये त्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा केला. हॉर्सशू बेंडला त्याच्या खांद्याला खांदा लावून लढलेले चेरोकीही त्यातून सुटले नाहीत. त्यांच्या त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसे मेली असे मानतात. आणि स्वातंत्र्याच्या या दुसऱ्या युद्धात सुमारे चार हजार काळे गुलाम स्वातंत्र्य शोधत गेले ते ब्रिटिश जहाजांकडे. तहाच्या पहिल्याच कलमात त्यांचा मालमत्ता म्हणून उल्लेख आहे. मालकांची भरपाई म्हणून ब्रिटनने १८२६ मध्ये १२,०४,९६० डॉलर मोजायचे कबूल केले. ‘आपण जिंकलो’ या वाक्यातल्या ‘आपण’चा आकार इथे नेमका मोजता येतो. सगळे अमेरिकी तसेच मानत होते असे नाही, हा आक्षेप मान्य. क्रीकांच्या आणि चेरोकींच्या बाजूने बोलणारे धर्मोपदेशक होते, संसदेतले सदस्य होते. १८३० चा तो कायदा प्रतिनिधिगृहात अवघ्या पाच मतांनी निभावला. पण ८ जानेवारीचा विजयदिन दरसाल साजरा होत असे, आणि त्या पाच मतांच्या तराजूत ते वजन होतेच.

एका युद्धाचे दोन विजेते कसे, हा प्रश्न कॅनडात गेल्यावर पडतो. तिथे क्वीन्स्टनच्या टेकडीवर ब्रॉकचा उंच स्तंभ उभा आहे आणि १८१२ म्हणजे आपण आक्रमण परतवले ते वर्ष. ब्रिटनमध्ये तर हे युद्ध कोणाच्या फारसे लक्षातही नाही, त्यांच्या १८१५ मध्ये वॉटर्लू आहे. ज्याला ज्याची गरज होती ते त्याने ठेवून घेतले.

या युद्धातला शेवटचा आरमारी मारा जावाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीत झाला, आणि तो झाला मुंबईच्या जहाजावर. ३० जून १८१५. कंपनी सरकारच्या ‘बॉम्बे मरीन’चे ‘नॉटिलस’ हे चौदा तोफांचे छोटे जहाज टपाल घेऊन चालले होते. ‘पीकॉक’ या अमेरिकी युद्धनौकेने ते अडवले. लेफ्टनंट चार्ल्स बॉइसने सांगितले, तह झालाय, मान्यताही मिळालीय. दूरच्या समुद्रांसाठी तहाने जास्तीत जास्त १२० दिवसांची सवलत ठेवली होती, तीही उलटून गेली होती. कप्तान लुइस वॉरिंग्टनला हा डाव वाटला. त्याने बजावले, तह झाला असेल तर आधी निशाण खाली घे. बॉइसने घेतले नाही. तोफा सुटल्या, काही खलाशी मेले, बॉइसचा पाय कापावा लागला. दुसऱ्या दिवशी कागदपत्रे पाहून वॉरिंग्टनने जहाज सोडून दिले. अमेरिकी आरमाराच्या चौकशीत तो निर्दोष ठरला.